सासूबाईंचे गुडघे

बूटकाकांना माणसाचा चेहरा लक्षात राहत नसे, पाय राहत. रस्त्यात कोणी हात केला की ते आधी खाली बघायचे आणि मग वर. "हां हां, तुम्ही! उजवा पाय जरा रुंद," असं म्हणून हसायचे. समोरच्यालाही राग येत नसे, कारण त्यांनी दिलेला बूट कोणाला चावल्याचं कधी ऐकिवात नव्हतं. बाजारातल्या बुटांच्या मोठ्या दुकानात ते कामाला होते आणि दिवसाचा बराचसा वेळ त्यांचा गुडघ्यांवरच जाई. गिऱ्हाईक बाकावर, हे खाली जमिनीवर, हातात पाय मोजायची लाकडी पट्टी आणि मागे छतापर्यंत रचलेली खोकी.

दुकानात त्यांना 'भाऊ' म्हणत. 'बूटकाका' हे नाव चर्चमधल्या पोरांनी ठेवलेलं. ही दोन नावं एकमेकांना कधी भेटू नयेत म्हणून या गृहस्थानं जेवढा आटापिटा केला, तेवढा एखादा चोरी लपवायलाही करत नसेल. बरं, लपवायचं होतं तरी काय? माणूस रविवारी सकाळी चर्चला जातो, येशूवर त्याची श्रद्धा आहे आणि चर्चच्या मागच्या खोलीत तो मोठ्या मुलांचा वर्ग घेतो. एवढीच काय ती भानगड. पण दुकानात ही गोष्ट कोणाला म्हणजे कोणालाच ठाऊक नव्हती.

त्याचं असं झालं. नोकरीला लागले तेव्हाच मालकांनी सांगितलं होतं की दुकान रविवारी उघडं असतं आणि गर्दीही त्याच दिवशी. काकांनी दबकत विचारलं, रविवारी सकाळची सुट्टी मिळेल का? मालकांनी साधा प्रश्न केला, "का हो, काय काम असतं?" काकांनी तोंड उघडलं ते 'उपासनेला जायचं असतं' असं म्हणायला. पण शेजारी दुसरा नोकर उभा होता, बाकावर दोन गिऱ्हाइकं होती, आणि बाहेर पडलं ते भलतंच. "सासूबाईंचे गुडघे," काका म्हणाले. "म्हणजे, त्यांना मालिशवाल्याकडे न्यावं लागतं. रविवारी सकाळीच."

सासूबाईंचे गुडघे दुखत होते हे खोटं नव्हतं. त्या दर रविवारी सकाळी काकांबरोबर घराबाहेर पडत हेही खरं होतं. फक्त जात चर्चला, आणि तिथे काकांच्या शेजारी बसून सगळ्यात मोठ्या आवाजात गात. काकांनी मनाची समजूत घातली की यात अर्धं तरी खरं आहे. मालक मऊ मनाचे निघाले. "सासूची एवढी सेवा करणारा जावई मी तरी पाहिला नाही," म्हणाले आणि सुट्टी देऊन मोकळे झाले. वर त्यांच्या बायकोनं, म्हणजे मालकीणबाईंनी, स्वतःच्या हातानं कढवलेलं गुडघ्यांचं तेल बाटलीत भरून पाठवलं. मग दर महिन्याला बाटली येऊ लागली.

पुढे सासूबाई वारल्या. काकांनी त्यासाठी एक दिवस रजा काढली, तीही पोट बिघडल्याचं सांगून. कारण सासूबाई गेल्या म्हटल्यावर गुडघे गेले, आणि गुडघे गेले की रविवार गेला. तेव्हापासून सहा वर्षं सासूबाई घरी नव्हत्या पण दुकानात ठणठणीत होत्या. मालक सोमवारी न चुकता विचारत, "काय भाऊ, सासूबाई काय म्हणतात?" काका म्हणत, "चाललंय आपलं." घरी कपाटाच्या खालच्या खणात तेलाच्या बाटल्यांची रांग लागली होती.

"माणूस मातीत गेलं, आणि तुम्ही अजून त्याच्या गुडघ्यांना तेल लावताय," बायको म्हणायची. "माझ्या आईला सुखानं मरूसुद्धा देत नाही तुम्ही."

"सांगतो एकदा," काका म्हणत. "योग्य वेळ आली की सांगतो." योग्य वेळेला पाय फुटत नाहीत, आपणच उठून जावं लागतं, हे त्या माणसाला कोण सांगणार? पायांचा एवढा जाणकार, पण तेवढंच कळत नव्हतं.

आणि हाच माणूस रविवारी मुलांसमोर उभा राहिला की नुसतं बघत राहावं. चर्चच्या मागच्या खोलीत एकावर एक रचलेल्या खुर्च्या, गीतपुस्तकांचं एक दार नसलेलं कपाट, आणि समोर मिशा फुटू लागलेली आणि नव्यानं लाजायला शिकलेली पोरं. आईबापांचं ऐकत नव्हती ती बूटकाकांचं ऐकायची. काका दोन खुर्च्या समोरासमोर मांडत, एकीवर एकाला बसवत आणि दुसऱ्याला म्हणत, "हा तुझा मित्र. आता याला सांग, येशू तुझा कोण आहे ते. भाषण नको. तुझं तू सांग." पोरं अडखळत, खिदळत, मग कधीतरी एखादं खरंखुरं वाक्य बोलून जात आणि खोली शांत होई. चर्चचे पाळकसाहेब दारातून डोकावून खूश होऊन निघून जात.

"लाजायचं कशाला?" काका म्हणत. "आपण काय कोणाच्या खिशात हात घालतोय? आपल्याला जे मिळालं ते सांगायचं. पटलं तर त्याचं, नाही पटलं तरी मैत्री आहेच." हे सगळं ते अगदी मनापासून म्हणत, हीच तर गंमत. त्या खोलीत त्यांचा शब्दन् शब्द खरा असे. खोलीच्या बाहेर पाऊल टाकलं की शब्द आतच राहून जात.

वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे मनी म्हणत, कारण ती मांजरीसारखी येई, कधी आली ते कळतच नसे. दाराजवळच्या खुर्चीवर बसे. तिचे बूट काकांना पाठ होते. डाव्याचा बंद तुटलेला आणि घरी दोऱ्यानं शिवलेला. खुर्च्यांच्या खेळात तिची पाळी आली की तिचा आवाज घशातच राही. एकदा ती वर्ग सुटल्यावर मागे थांबली आणि म्हणाली, "काका, मला माझ्या मैत्रिणीला सांगायचंय. ती विचारते, तू रविवारी कुठे जातेस. पण मला नाही जमत."

"एकटीनं जमत नसेल तर एकटी जाऊ नकोस," काका म्हणाले. "सोबत एखादा खंबीर माणूस घे. त्याच्या शेजारी उभं राहिलं की तोंड आपोआप उघडतं." पुढच्या आठवड्यात त्यांनी हेच सगळ्या वर्गालाही सांगितलं. वाक्य चांगलं जमलंय असं त्यांचं त्यांनाच वाटलं होतं. मनीनं मान हलवली. आता तिच्या डोळ्यांसमोर खंबीर माणूस कोण होता, हे काकांना त्या क्षणी सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

शाळा उघडायच्या आधीचा शनिवार. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बाकांवर आया आणि मुलं दाटीवाटीनं बसलेली, जमिनीवर उघडी खोकी, पातळ कागदांचे बोळे. माळ्यावरचा नोकर वरून खोकी टाकत होता आणि काका खाली झेलत होते. गल्ल्यावर मालक. मध्येच काकांची नजर जमिनीलगतच्या तिरप्या आरशात गेली. त्या आरशात माणसं दिसत नाहीत, फक्त पाय दिसतात. त्यात एक शिवलेला बंद दिसला.

काकांनी तो लगेच ओळखला. त्यांनी वर बघितलंच नाही. पण मनी समोर येऊन बाकावर बसली होती आणि तिच्या शेजारी तिच्याच वयाची एक मुलगी होती, दोन वेण्या, चुळबुळ करणारी.

"हिला शाळेचे बूट हवेत," मनी म्हणाली. ती आज नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलत होती. घरून ठरवून आली होती, हे उघड होतं.

काकांनी मैत्रिणीचा पाय पट्टीवर घेतला. टाच मागे टेकवली, पुढचा लाकडी ठोकळा सरकवत आणला. हात सवयीनं चालले होते.

"काका," मनी म्हणाली, "हिला मी तुमच्याबद्दल सांगितलंय. हिला येशूबद्दल विचारायचंय. मला नीट सांगता येत नाही. तुम्ही सांगा ना, रविवारी वर्गात सांगता तसं."

दुकानातला गलका काही थांबला नव्हता, पण काकांना वाटलं की थांबला. गल्ल्यावरून मालकांनी मान वर केली. "कसला वर्ग हो, भाऊ? रविवारी?"

मालकांच्या आवाजात नुसतं कुतूहल होतं. एखाद्यानं सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं. पण काकांना त्या एका प्रश्नात सगळं एकदम दिसलं. सासूबाई, मालिशवाला, तेलाच्या बाटल्या, दर सोमवारचं 'चाललंय आपलं'. एक धागा ओढला की सगळं उसवणार होतं. आणि मग काका हसले. मोठ्यानं, मान हलवत, बाकावरच्या बायकांकडे बघत हसले.

"आजकालच्या पोरी!" ते म्हणाले. "बाळ, तुझी काहीतरी चूक होतेय. मी कोणाचा वर्गबिर्ग घेत नाही. रविवारी मी सासूबाईंना मालिशला नेतो."

ते हसले म्हणून मालक हसले. मालक हसले म्हणून बाकावरच्या बायका हसल्या. मनी नाही हसली. सासूबाईंना मातीत ठेवलं त्या दिवशी ती मुलांच्या रांगेत पुढे उभी राहून गायली होती. तेव्हा ती केवढीशी होती, पण विसरण्याएवढी लहान नव्हती. तिनं काकांकडे बघितलं. काका तिच्या मैत्रिणीच्या घोट्याकडे बघत होते.

"हो," मनी म्हणाली. "माझीच चूक झाली असेल."

पोरीनं त्यांची बाजू सावरली. काकांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. त्यांनी माळ्यावर हाक देऊन माप सांगितलं, खोकं झेललं, बूट काढला, मैत्रिणीच्या पायात चढवला आणि नाडी ओवू लागले.

"मग तू जातेस कोणाकडे?" मैत्रिणीनं मनीला विचारलं.

मनीनं काकांच्या खाली घातलेल्या मानेकडे बघितलं. मग तिच्या नेहमीच्या, घशात अडकणाऱ्या आवाजात म्हणाली, "बाबा गेले ना, तेव्हा मला आईशीसुद्धा बोलावंसं वाटत नव्हतं. तेव्हा मी येशूशी बोलायला लागले. तो ऐकतो. मला कळतं, तो ऐकतो ते. बस, एवढंच आहे. मला याच्यापुढचं सांगता येत नाही."

तिचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरलेले होते आणि तरी थरथरत होते. काका हाताच्या अंतरावर, खाली, नाडीची गाठ मारत होते. 'सांगतेस की गं, चांगलं सांगतेस,' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्यांनी गाठ मारली, वरून अजून एक मारली आणि विचारलं, "कुठे दाबत नाही ना?" मैत्रीण मनीच्या बोलण्यातच होती. नाही म्हणाली. दोघी उठून गेल्या आणि आरशात शिवलेला बंद दारापर्यंत जाताना दिसला.

घरी काका जेवले नाहीत. बायकोनं विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. बायको एरवी फाडफाड बोलणारी, पण त्या दिवशी काही बोलली नाही. तिनं कपाटाचा खालचा खण उघडून ठेवला आणि तसाच उघडा ठेवून आत निघून गेली. काका खुर्चीत बसून त्या बाटल्यांकडे बघत राहिले. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

रविवारी वर्गाला जाताना एकच गोष्ट त्यांच्या मनात होती, मनी येऊ नये. असं वाटल्याचीही लाज वाटली. मनी आली. दाराजवळ बसली. त्या दिवशी प्रत्येकानं सांगायचं होतं, आठवड्यात कोणाशी बोललो आणि काय झालं. काकांनी पलीकडच्या टोकापासून सुरुवात केली आणि दाराजवळ पोहोचायच्या आतच गीतपुस्तक उघडायला घेतलं.

"काका, माझं राहिलं," मनी म्हणाली.

ती उभी राहिली. मैत्रिणीशी बोलले, म्हणाली. थोडंच बोलले. ती हसली नाही. वर्गातला उंच मुलगा, ज्याला सगळ्यात नाक खुपसायची सवय होती, त्यानं विचारलं, "आणि खंबीर माणूस? कोणाला नेलं होतंस बरोबर?"

"त्यांना काम होतं," मनी म्हणाली. "गर्दी होती." आणि बसली. मग बसल्या बसल्याच तिनं विचारलं, "काका, एखाद्याला खूप भीती वाटत असेल, सांगायची, तर त्याच्यासाठी प्रार्थना करायची का आपण? नाव न घेता?"

तिच्या आवाजात टोमणा असता तर काकांना सहन करता आला असता. टोमणा नव्हता. मुलांनी डोळे मिटले. एकेकानं, आपापल्या मोडक्यातोडक्या शब्दांत, त्या माणसासाठी प्रार्थना केली. प्रभू, त्याला धीर दे. तो एकटा असेल तर त्याच्याजवळ राहा. त्याच्यावर कोणी रागावू नये. उंच मुलगा म्हणाला, त्याला आमच्या बूटकाकांसारखं धीट कर. काका उभे होते, डोळे मिटलेले, खुर्चीची पाठ हातानं घट्ट धरलेली. शेवटी 'आमेन' त्यांनी म्हणायचं होतं. ते निघेना. मुलांनी थोडा वेळ वाट बघितली आणि मग आपणच म्हणून टाकलं.

तेव्हाच सांगायचं होतं. पुढे तो सगळा आठवडा काका स्वतःला हेच म्हणत राहिले. मुलं समोर होती, दार बंद होतं, ऐकणारा परका कोणी नव्हता. आणि तरी जीभ टाळूला चिकटून बसली. सोमवारी मालकांनी सासूबाईंची चौकशी केली तेव्हाही त्यांच्या तोंडून निघालं ते 'चाललंय आपलं'च. इतका निलाजरेपणा आपल्यात कुठून आला, याचं काकांना नवल वाटलं. तसा तो नवा नव्हता. फक्त आता बघणारं कोणीतरी होतं.

शनिवारी दुपारी गर्दी थोडी ओसरली होती. मालक गल्ल्यावर पेपर चाळत होते. बाकावर एक बाई आपल्या नवऱ्याला चपला घ्यायला लावत होती आणि नवरा जुन्या चांगल्या आहेत म्हणून अडून बसला होता. काका त्या दोघांची समजूत घालत होते. तेवढ्यात आरशात पुन्हा शिवलेला बंद दिसला, आणि त्याच्या शेजारी नवा कोरा शाळेचा बूट, जो जमिनीवर नीट टेकत नव्हता. पोरगी लंगडत होती.

काकांना तिथल्या तिथे कळलं. माप चुकलं होतं. त्यांनी, ज्यांनी कधी कोणाचं माप चुकवलं नव्हतं, त्यांनी त्या दिवशी एक नंबर लहान सांगितला होता आणि वर दोन गाठी मारून पाठवलं होतं.

मैत्रीण बाकावर बसली. मनी उभीच राहिली. तिनं गल्ल्याकडे एकवार बघितलं, मग काकांकडे, आणि अगदी परक्या गिऱ्हाइकानं बोलावं तसं म्हणाली, "भाऊ, हे बूट हिला चावतात. बदलून मिळतील का?"

भाऊ.

आता यात वावगं काय होतं? दुकानात सगळेच त्यांना भाऊ म्हणत. पण ती पोर चर्चच्या पायरीपासून वर्गाच्या दारापर्यंत त्यांना 'काका' म्हणून हाक मारत आलेली. तिनं शिकून घेतलं होतं. तिला कोणी सांगितलं नव्हतं, तरी या दुकानात आपल्या माणसाला ओळखायचं नसतं हे तिनं काकांच्या तोंडाकडे बघून शिकून घेतलं होतं. वर्षभर त्या खोलीत काकांनी तिला काय काय शिकवलं, आणि पक्कं बसलं ते हे.

काका मैत्रिणीच्या समोर गुडघ्यांवर बसले. नाडी सोडली, बूट काढला, मोजा उतरवला. टाचेवरची कातडी सोलवटून लाल झाली होती.

"आई गं," मैत्रीण म्हणाली.

"माझ्यामुळे झालं," काका म्हणाले. आवाज आपला नसल्यासारखा वाटला. "त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं. मी खोटं बोलत होतो, त्यात लक्ष होतं." मग ते मान वर न करताच म्हणाले, "मनी, भाऊ नको म्हणू मला. काका म्हण."

मनी त्यांच्याकडे बघत राहिली. बोलली ती चपलांवरून भांडणारी बाई. "अगं बाई, ओळखीची आहे का तुमच्या?"

"माझ्या वर्गातली आहे," काका म्हणाले. आता ते मोठ्यानं बोलले, इतकं मोठ्यानं की माळ्यावरच्या नोकरानंही वाकून खाली बघितलं. "मी ख्रिस्ती आहे. रविवारी चर्चमध्ये मुलांना शिकवतो. आपली श्रद्धा लपवू नका, दुसऱ्याला सांगा, असं शिकवतो. ही माझ्या भरवशावर मैत्रिणीला घेऊन इथे आली आणि मी हिला ओळख दिली नाही."

मालकांनी पेपर खाली ठेवला. ते गल्ल्यामागून उठून आले. "म्हणजे? आणि सासूबाई?"

"नाहीत."

"नाहीत म्हणजे?" मालकांचा चेहरा पडला. "अरेरे! कधी हो? सोमवारी तर तुम्ही म्हणालात—"

"सहा वर्षं झाली, मालक."

मालकांना ते उमगायला वेळ लागला. ते बाकाच्या कडेवर टेकले. काकांना वाटलं, आता शिव्या देतील, नोकरीवरून काढतील. दिल्या असत्या तर काकांनी त्या मुकाट्यानं घेतल्या असत्या. पण मालक हळू आवाजातच बोलले आणि तेच वाईट झालं.

"माझी बायको रोज सकाळी हात जोडते ना, तेव्हा तुमच्या सासूबाईंचं नाव घेते," ते म्हणाले. "नाव माहीत नाही म्हणून 'भाऊंच्या सासूबाई' म्हणते. त्यांचे गुडघे बरे कर, म्हणते. सहा वर्षं. मी तिला जाऊन काय सांगू?" मग ते म्हणाले, "आणि मी तुम्हाला कधी अडवलं असतं? उपासनेला जायचंय म्हणाला असता, तर नाही म्हटलं असतं का मी?"

"नाही," काका म्हणाले. "तुम्ही नसतं म्हटलं. मीच घाबरलो."

"मग त्या दिवशी मी या पोरीला हसलो ते?" मालक मनीकडे वळले, आणि पुन्हा काकांकडे. "मला हसायचं नव्हतं, भाऊ. तुम्ही हसलात म्हणून मी हसलो."

काकांनी मान आणखी खाली घातली. चपलांना नको म्हणणाऱ्या नवऱ्यानं नव्या चपला निमूटपणे पायात चढवल्या होत्या आणि आता तोही खाली बघत होता. काकांना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, पण जमिनीवर ते आधीच बसलेले होते, याहून खाली जायला जागा नव्हती.

मैत्रीण मात्र इतका वेळ उघडा पाय हातात धरून सगळ्यांची तोंडं बघत होती. ती एकदम म्हणाली, "मला माहीत होतं हे काका खोटं बोलतायत ते."

"कसं गं?" मालकांनी विचारलं.

"ही कधीच खोटं बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, माझीच चूक झाली, तेव्हा पहिल्यांदा खोटं बोलली. आणि मग एवढा मोठा माणूस जे सांगायला घाबरला ते हिनं सांगितलं. हात कापत होते हिचे, तरी सांगितलं. म्हणून मी उद्या जाणार आहे हिच्याबरोबर. बघायला." मग तिनं पाय पुढे केला. "पण चालता आलं पाहिजे ना. आधी मोठा नंबर द्या."

काकांनी पट्टी घेतली आणि पाय पुन्हा मोजला. या वेळी दोनदा मोजला, दोन्ही पाय मोजले. माळ्यावर हाक दिली, खोकं झेललं, सोललेल्या जागेवर कापसाची घडी ठेवली आणि बूट चढवला. मालक तोवर उभे राहून बघत होते.

"रविवारची सुट्टी तुमची तुम्हालाच," ते शेवटी म्हणाले. "पण सासूबाईंचं मी घरी सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं. त्या बाटल्या घेऊन या आणि तिच्यासमोर बसून सांगा. कुठे जात होता तेही सांगा. ती विचारेल, येशू कोण, त्याच्यासाठी एवढी लपवाछपवी कशाला. तेव्हा काय सांगायचं ते ठरवून या." एवढं बोलून ते गल्ल्यावर जाऊन बसले आणि त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. पण पान काही उलटलं नाही.

काका नाडी बांधत होते. मालकीणबाईंचं घर, ती ओसरी, समोर मांडलेल्या बाटल्या आणि त्या बाईचा चेहरा, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. आजच्यासारखं तोंड तिथे उघडेल याचा काही भरवसा नव्हता. बोटं गाठीवर अडखळली.

मनी खाली वाकली. इतक्या हळू आवाजात की फक्त त्यांनाच ऐकू जावं, ती म्हणाली, "काका, मी येऊ का तुमच्याबरोबर? मालकीणबाईंकडे?"

काकांना वर बघवेना. समोर शिवलेल्या बंदाचा बूट होता, त्यांनी इतके दिवस बघितलेला आणि कधी 'इकडे दे, नवा बंद लावून देतो' असंही न म्हटलेला.

"ये," ते म्हणाले. "एकट्यानं नाही जमायचं मला."